निळ्या तबकडीचे मोल

आमच्या आजोळी, घरामागच्या करवंदीच्या जाळीत, दरवर्षी सातभाईचे घरटे असे. घरटे कसले, काड्यांचा गबाळा वाडगाच. पण त्यातली अंडी मात्र अशी काही निळी की बघत राहावे. आकाशी म्हणावे तर त्यात हिरवट झाक, मोरपिशी म्हणावे तर फार फिके. तो रंग मी पुढे पन्नास वर्षांत कुठे पाहिला नाही. पाहिला तो एका घड्याळाच्या तबकडीवर, आणि तोही छायाचित्रात. त्या रंगापायी माझ्या घरात जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख.

११ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने एक मनगटी घड्याळ विकायला काढले. घड्याळ सोन्याचे नव्हते, त्याला हिरे नव्हते. साधे, म्हणजे अर्थात उत्तम प्रतीचे, पोलादाचे घड्याळ. तीन काटे आणि तारखेची चौकट. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीचे ‘नॉटिलस’, नमुना क्रमांक ५७११. हातोडा पडला आणि लिलावगृहाचे कमिशन धरून किंमत झाली ६५ लाख ३ हजार ५०० डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ४९ कोटी रुपये. याच घड्याळाची कंपनीने ठरवलेली किंमत साडेबावन्न हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ४० लाख रुपये. सरळ सव्वाशे पटीच्या घरात!

आता गंमत पाहा. हेच घड्याळ गडद निळ्या तबकडीचे २००६ पासून मिळत होते. मिळत होते म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांना मिळत होते. लिलावातल्या घड्याळात यंत्र तेच, आकार तोच, पट्टा तोच. फरक तबकडीच्या रंगाचा आणि त्यावरच्या एका नावाचा. न्यूयॉर्कची टिफनी ही जवाहिरांची जुनी पेढी १८३७ सालची. तिच्या डब्या ज्या फिकट निळ्या रंगाच्या असतात तो रंग तिने १९९८ मध्ये आपली व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला आहे. ही पेढी १८५१ पासून पाटेक फिलिपची घड्याळे विकत आली. त्या नात्याला १७० वर्षे झाली म्हणून त्या डबीच्या रंगाची तबकडी असलेली १७० घड्याळे काढायची ठरली, आणि त्यातले एक लिलावात आले. सातभाईच्या अंड्याचा तो रंग!

निवृत्त बँक अधिकाऱ्याला अशी बातमी वाचून पहिला प्रश्न पडतो तो हा, की पैसे गेले कुणाकडे? ते सगळे निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेला गेले. म्हणजे या किमतीत दानाचा वाटा होता, दात्याच्या मिरवण्याचा वाटा होता. मंदिराच्या लिलावात पहिला नारळ लाखाला गेला म्हणून वाण्याकडे नारळ महाग होत नाही. पण घड्याळांच्या बाजाराने हे दान वजा केले नाही. काही दिवसांतच त्या रंगाशी लांबचे नाते सांगणाऱ्या सगळ्या तबकड्यांचे भाव उसळले. रोलेक्सने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या सगळ्यात साध्या ‘ऑइस्टर पर्पेच्युअल’ या घड्याळात पिवळी, पोवळ्यासारखी, हिरवी आणि फिरोजी अशा रंगीत तबकड्या आणल्या होत्या. त्यातल्या फिरोजीचा टिफनीशी कागदोपत्री काडीचा संबंध नाही. पण शौकिनांनी तिला ‘टिफनी’ हे टोपणनाव देऊन टाकले होते, आणि डिसेंबरनंतर त्या टोपणनावाला भाव आला.

जानेवारी २०२२ मध्ये माझ्या भाच्याचा फोन आला. पुण्यात संगणक कंपनीत आहे, हुशार आहे, वडील नाहीत. माझी धाकटी बहीण त्याच्यासोबत राहते. म्हणाला, “मामा, एक फिरोजी मिळतंय. बावीस लाख. आईची एफडी मोडायची म्हणतोय. आई म्हणते, दादाला विचार.”

मी विचारले, “कंपनीची किंमत काय?”

“पाचच्या आत-बाहेर. पण त्या भावात कुणाला मिळतं?”

या शेवटच्या वाक्यात सगळे प्रकरण होते. पण ते मला त्या क्षणी नीट मांडता आले नाही, आणि मांडता आले तेव्हा उशीर झाला होता.

भाच्याची बाजू आधी सांगतो, कारण ती पोरकट नव्हती. त्याचे म्हणणे असे, की घड्याळाच्या जगात विचित्र रंग हीच पुढची दौलत असते. दाखला पॉल न्यूमनचा. साठच्या दशकात रोलेक्सच्या ‘डेटोना’ या घड्याळात एक चमत्कारिक तबकडी येई. दोन-तीन रंग, चौकोनी टोकांचे आकडे. लोकांना ती आवडेना. दुकानात पडून राही. नट पॉल न्यूमनला त्याच्या पत्नीने, जोआन वुडवर्डने, तसले एक घेऊन दिले. तो मोटारी शर्यतीत चालवी म्हणून मागे ‘सांभाळून चालव’ अशा अर्थाचा मजकूर कोरून. पुढे त्या तबकडीला त्याचेच नाव पडले. आणि त्याचे स्वतःचे घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये एक कोटी ७७ लाख डॉलरला गेले. दुसरा दाखला हिरव्याचा. रोलेक्सने २००३ मध्ये आपल्या पाणबुड्यांच्या घड्याळाला हिरवी कड दिली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. एका बेडकाचे नाव त्याला पडले. २०१० मध्ये तबकडीही हिरवी केली, तेव्हा ‘हल्क’ म्हणून चेष्टा झाली. २०२० मध्ये ते बंद झाले आणि पुढच्या वर्षा-दीड वर्षात त्याचा भाव कंपनीच्या किमतीच्या दुपटीवर गेला. तिसरा दाखला त्याच नॉटिलसचा. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने निळे बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि निरोपाचे म्हणून एप्रिलमध्ये ऑलिव्ह हिरव्या तबकडीचे काढले. किंमत तीस हजार स्विस फ्रँकच्या आसपास. त्यातले एक, वेष्टनही न फोडलेले, जुलैमध्ये मोनॅकोच्या लिलावात ४ लाख १६ हजार युरोला गेले. तीन महिन्यांत!

“मामा, तुमची एफडी पाच टक्के देते,” असे म्हणून त्याने समारोप केला.

मी त्याला म्हणालो, “सध्या नको.” कारण विचारले तर ‘बँकेत असताना खूप पाहिलंय’ असे काहीतरी बोललो. म्हाताऱ्या माणसांचे हे असे वाक्य तरुणांना मुळीच पटत नाही, आणि पटू नये. त्यात कारण नसते, फक्त वय असते.

कारण मला सापडले ते नंतर, आणि सापडले ते माझ्याच नोकरीत. १९८२ मध्ये मी बँकेत लागलो. काही वर्षांनी मुंबईत फोर्टच्या शाखेत होतो. शेअरच्या नव्या विक्रीचे अर्ज आमच्या काउंटरवर घेतले जात. त्या काळी नवा शेअर कोणत्या भावाने विकायचा हे दिल्लीतले भांडवल नियंत्रक ठरवत, आणि बहुधा तो बाजारभावापेक्षा बराच कमी ठरे. त्यामुळे अर्जांसाठी फुटपाथवर रांगा. ज्याला शेअर ‘लागला’ तो पहिल्याच दिवशी दुप्पट-तिप्पट कमावी. पण त्याच्याकडून जो घेई, त्याला काय मिळे? त्याला मिळे तो शेअर, पूर्ण भावात. कमाई शेअरमध्ये नव्हती. कमाई वाटपाच्या यादीत होती. यादीत नाव असलेल्याचा नफा आणि यादीबाहेरच्याची खरेदी ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. १९९२ मध्ये नियंत्रक गेले, कंपन्यांना भाव ठरवायची मोकळीक मिळाली. मग १९९३ ते ९५ त्या आठवणीच्या जोरावर वाटेल त्या कंपनीचे शेअर लोकांनी वाटेल त्या भावाने घेतले, आणि त्यातल्या कित्येक कंपन्यांचा पुढे पत्ताही लागला नाही. लोक जुन्या काळच्या यादीवाल्यांचा नफा पाहून, यादीबाहेरच्या भावाने खरेदी करत होते.

घड्याळाचेही हेच आहे. जिनिव्हाची कंपनी ४० लाखांची किंमत लावते, बाजारात तिला कितीतरी जास्त मिळाले असते. ती मुद्दाम घेत नाही. वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास घड्याळे काढते, आणि त्यातली मागणीची मोजकी कुणाला द्यायची हे दुकानदार ठरवतो. जुने गिऱ्हाईक, ज्याने आधी इतर दागिने, इतर घड्याळे घेतली आहेत असे. १७० फिरोजींपैकी एक अमेरिकेतला गायक जे-झीच्या मनगटावर त्याच महिन्यात दिसले. ते त्याला लिलावात जाऊन घ्यावे लागले नव्हते. भाच्याने दिलेल्या दाखल्यांत कमाई झाली ती कंपनीच्या किमतीत ज्यांना मिळाले त्यांची. तो स्वतः मात्र बावीस लाख देणार होता. म्हणजे त्याने पाहिलेला नफा कुणीतरी आधीच उचलला होता, आणि त्याचे बिल भाच्याकडे आले होते.

यात आणखी एक भेद आहे, आणि विचित्र रंगाच्या संग्रहमूल्याची चर्चा करताना तो सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. पॉल न्यूमनची तबकडी दुर्मीळ झाली. ती कुणी दुर्मीळ केली नव्हती. लोकांनी नाकारली म्हणून थोडी निघाली, थोडी निघाली म्हणून पुढे शोधावी लागली. मधे वीस-तीस वर्षे गेली. काही फुटली, काहींच्या तबकड्या बदलल्या गेल्या, काही चोरबाजारात हरवली. त्या काळात ज्याने ती स्वस्तात उचलली त्याच्यापाशी नजर होती, आणि नजरेचे बक्षीस त्याला मिळाले. हिरव्या कडेच्या घड्याळालाही थोडेफार असेच झाले. टिफनी निळ्याची गोष्ट उलट. ते जन्मतःच दुर्मीळ केलेले. पहिल्याच दिवशी सगळ्या जगाला ठाऊक होते की ही १७० च आहेत आणि एकही फुटणार नाही, कारण कुणी ते हातात घालून विहिरीत पोहणार नाही. ज्याची दुर्मिळता पहिल्या दिवशीच जाहीर होते तिथे नजरेला काम उरत नाही. तिथे एकच गोष्ट कामाची, ओळख.

याचा अर्थ ही सगळी लबाडी आहे असे मी म्हणत नाही. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या नॉटिलसचा आकार जेराल्ड जेंता या कारागिराने जहाजाच्या गोल खिडकीवरून काढला. एका हॉटेलात बसून पाच मिनिटांत काढला असे तो सांगत असे. सेलवरच्या जपानी घड्याळांनी स्विस कारखाने बंद पडत होते, त्या दिवसांत पोलादाचे घड्याळ सोन्याच्या भावात विकण्याचे धाडस या मंडळींनी केले. ते धाडस खरे, कारागिरी खरी. आणि पत हीही खरी वस्तू आहे, हे बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाने सांगायला नको. शंभराच्या नोटेतला कागद काही शंभराचा नसतो. प्रश्न इतकाच, की पत कुणाची, आणि ती नाकारली गेली तर कुणाच्या दारात जायचे? नोटेमागे रिझर्व्ह बँक असते. बावीस लाखांतल्या वरच्या सतरा लाखांमागे कोण असते? पुढचा भाचा.

पत म्हणजे काय आणि रंग म्हणजे काय, हे मला त्याच भाच्याने आणखी एका प्रसंगी शिकवले. माझ्याकडे वडिलांचे एचएमटीचे ‘जनता’ आहे. जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला १९६१ मध्ये सरकारने हा कारखाना काढला, आणि आमच्या पिढीच्या निम्म्या वडिलांच्या मनगटावर त्याचीच घड्याळे होती. रोज सकाळी चहाआधी वडील त्याला चावी देत. त्यांच्यानंतर ते माझ्याकडे आले तेव्हा पांढरी तबकडी पिवळी पडली होती, चारच्या आकड्यापाशी पाण्याचा तपकिरी डाग होता. गिरगावातल्या एका घड्याळजीकडे सफाईला दिले. तो म्हणाला, “साहेब, डायल पण नवी करून देतो, रंग कुठला पाहिजे?” मला आजोळची ती करवंदीची जाळी आठवली. मी म्हणालो, “निळा. फिका निळा.” त्याने इमानाने करून दिला. दीडशे रुपये घेतले. मी खूश होतो.

भाच्याने ते हातात घेतले, भिंगातून पाहिले आणि मला सांगितले, की जगभरातले संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. इथे जुन्या एचएमटी, फेवर-ल्युबा, वेस्ट एंडच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून परदेशी गिऱ्हाइकांना विकल्या जातात, म्हणून हे नाव. ते कौतुकाने नव्हे, हेटाळणीने घेतले जाते. एचएमटीचा घड्याळ-कारखाना २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, त्यानंतर अस्सल तबकडीच्या जुन्या एचएमटीला शौकीन शोधू लागले आहेत. माझ्याला मात्र कुणी विचारणार नाही. वर त्याने हेही सांगितले, की जुन्या स्विस घड्याळाची काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिचे जास्त पैसे येतात. म्हणजे डाग ठेवला असता तर निदान तो वडिलांचा अस्सल डाग होता. मी तो पुसून आठवणीतला रंग लावला, आणि मोल शून्य झाले.

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण मग हिशेब केला. एका निळ्याला ४९ कोटी, दुसऱ्या निळ्याला शून्य. दोन्ही रंग माणसाच्या हातचेच. तेव्हा किंमत रंगाची नाहीच. किंमत आहे ती रंग लावण्याच्या अधिकाराची. गिरगावच्या घड्याळजीला तो अधिकार नव्हता, जिनिव्हाला होता. आम्ही सोने तारण घ्यायचो तेव्हा शाखेतला सराफ ते कसोटीवर घासून पाही. कस लागला की तो कुणाच्या दुकानातला, हा प्रश्न मागे पडे. तबकडीला असा कस नसतो. तिच्या बाबतीत दुकानाचे नाव हाच कस. आणि नावाचा भाव नाव देणाऱ्याच्या हातात राहतो. उद्या तोच आणखी पाच रंग काढू शकतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. बहिणीने एफडी मोडली. एकुलता एक मुलगा, त्याने पहिल्यांदाच काही मागितले, असे ती म्हणाली. मुदतीआधी मोडल्याचे व्याज कापले गेले. घड्याळ आले. मार्च-एप्रिल २०२२ च्या सुमाराला या बाजाराने शिखर गाठले आणि तिथून जो उतार लागला तो पुढे बराच काळ थांबला नाही. अमेरिकेत व्याजदर चढू लागले होते, आभासी चलनातला पैसा आटत होता, आणि त्याच पैशातला काही भाग घड्याळांत फिरत होता. मे महिन्यात आपल्या रिझर्व्ह बँकेनेही दर वाढवायला सुरुवात केली. रेपो दर ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, आणि मोडलेली एफडी ज्या दराने पुन्हा ठेवता आली असती तो दर वाढत राहिला. भाचा वर्षभराने ते विकायला गेला, तेव्हा ज्याने विकले होते त्याच दुकानदाराने निम्म्याच्या जवळपास भाव सांगितला. त्याने विकले नाही. कपाटात ठेवले, बहिणीच्या बांगड्यांशेजारी.

मध्यंतरी बहिणीचा फोन आला. घाबरलेली होती. “दादा, ते घड्याळ बंद पडलंय. इतके पैसे घातले, बिघडलं की काय?”

मी तिला समजावले, की बिघडलेले नाही. त्याला सेल नसतो. हाताच्या हालचालीने ते चालते. काढून ठेवले की तीन दिवसांत थांबते.

“म्हणजे घातलं तरच चालतं?”

“घातलं तरच.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला सांगते, घाल म्हणून. ओरखडा पडला तर पडला.”

संग्राह्यता, संग्रहमूल्य हे शब्द मी या लेखात वापरले. त्याबद्दल एवढेच म्हणतो. विचित्र रंगाचे घड्याळ जरूर घ्यावे. ज्याला फिरोजी पाहून करवंदीची जाळी आठवते त्याने आपल्या ऐपतीत घ्यावे, घालावे, त्यावर ओरखडे पाडावेत, आणि मुलाला द्यावे. पुढे कुणी शोधत आले तर तो नशिबाचा भाग. पण कुणी गुंतवणूक म्हणून समोर ठेवले, तर आम्ही कर्जदाराला विचारत असू ते दोन प्रश्न विचारावेत. हे पहिल्यांदा कुणाला, केवढ्याला मिळाले? आणि तुम्हाला पैशांची खरी नड लागेल त्या दिवशी ते कोण घेईल, केवढ्याला? पहिल्याचे उत्तर आपले नाव नसेल आणि दुसऱ्याचे उत्तर आपल्यासारखाच कुणी असेल, तर आईची एफडी मोडू नये.

हे दोन प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये मी फोनवर विचारायला हवे होते. मी वय सांगत बसलो. माझे जनता मात्र रोज सकाळी चावी देऊन मी वापरतो. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते.